किमान वेतन : बाजारातील एक प्रमाणित वजन



स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा एखादा अभ्यास-लेख लिहावा, असा आग्रह केला. प्रस्तुत लेखक मॅट्रिकपर्यंत शिकलेला असून धारच्या दाणेबाजारात त्याने चाळीसहून अधिक वर्षे गहू, हरभरा व सोयाबीन यांची घाऊक उलाढाल केली आहे. अर्थशास्त्र तो ग्रंथांतून थोडे आणि खातेवहीतून अधिक शिकला. तेव्हा पुढील विवेचनात विद्वत्तेची अपेक्षा कोणी करू नये.

विषय किमान वेतनाचा आहे. २०२४ साली हा प्रश्न आपल्या पिथमपूर-देवासच्या कामगार वस्त्यांतून निघून उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापर्यंत गेला. आपल्या बैठकांतूनही त्यावर तावातावाने बोलणे होते. कोणी म्हणतो, ही मालकाच्या गल्ल्यावर धाड आहे. कोणी म्हणतो, गरिबांस चार पैसे अधिक दिल्याने पुण्य लागते. माझ्या अल्प मतीप्रमाणे या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. किमान वेतन हे एक माप आहे, आणि मापाचे महत्त्व व्यापाऱ्यास कोणी शिकवावयास नको.

१. छापाचे वजन

आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळी प्रत्येक बाजाराचा शेर निराळा असे. १९५६ च्या कायद्याने शेर-मण जाऊन किलो-क्विंटल आले. वजनांवर सरकारी छाप बसू लागला आणि ठरावीक मुदतीने त्यांची पडताळणी होऊ लागली. आरंभी पुष्कळांनी कुरकुर केली. पण या छापाचा खरा लाभ कोणास झाला? ग्राहकास तर झालाच, परंतु त्याहून अधिक तो सचोटीच्या व्यापाऱ्यास झाला. शेजारी पासंग ठेवून, दांडी मारून किलोमागे चार पैसे स्वस्त विकत असेल, तर खरे वजन देणाराचे दुकान चालावे कसे? छापाने ती अडचण दूर केली. स्पर्धा भावात राहिली, मालात राहिली; वजनात राहिली नाही.

मजुरीचेही असेच आहे. एक कारखानदार कामगारास पोटापुरते देतो व दुसरा त्याहून कमी देऊन माल स्वस्त विकतो. काही दिवसांनी पहिल्यासही दुसऱ्याच्या वाटेने जावे लागते, अथवा धंदा गुंडाळावा लागतो. किमान वेतनाचा कायदा त्या दुसऱ्याच्या तराजूखालचा पासंग काढून घेतो. आपल्या श्रावकाचारात खोटी मापे वापरणे हा अचौर्यव्रताचा अतिचार मानला आहे. मापाचा हा विचार धान्यापाशीच का थांबावा?

२. ही चळवळ आली कोठून?

किमान वेतनाची कल्पना परदेशांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजली. न्यूझीलंडने १८९४ साली व ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांताने १८९६ साली त्या दिशेने कायदे केले. इंग्लंडात १९०९ साली वेतन-मंडळांचा कायदा झाला. त्याअन्वये साखळ्या घडविणाऱ्या स्त्रियांचा दर ठरला, पण तो पदरात पडण्यास क्रॅडली हीथ येथील त्या स्त्रियांना १९१० साली दहा आठवडे काम बंद ठेवावे लागले. कायद्याने दर ठरणे आणि तो हातात पडणे यांत अंतर असते, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

आपल्याकडील उदाहरण तर आपल्याच समाजातील एका घराण्याचे आहे. १९१७ साली अहमदाबादेत प्लेग आला, तेव्हा कामगार गाव सोडून जाऊ नयेत म्हणून गिरणीमालकांनी जादा भत्ता दिला. साथ ओसरताच तो बंद होऊ लागला. महायुद्धामुळे धान्य-कापड तर महागलेलेच होते. मालकपक्षाचे पुढारी होते शेठ अंबालाल साराभाई, आणि कामगारांच्या बाजूने उभ्या होत्या त्यांच्याच वडील भगिनी अनसूयाबेन. मालक २० टक्के वाढ देऊ म्हणत. गांधीजींनी हिशोब करून ३५ टक्के योग्य ठरविली. मार्च १९१८ मध्ये गांधीजींनी तीन दिवस उपवास केला, तंटा लवादाकडे गेला आणि लवादाचा निर्णय अखेर ३५ टक्क्यांचाच झाला. १९२० साली तेथे 'मजूर महाजन' स्थापन झाले. महाजन हा शब्द पूर्वी व्यापाऱ्यांच्या पंचायतीस लावीत. तो मजुरांनी घेतला, यात मला मोठा अर्थ दिसतो. एका घरातील भाऊ-बहीण दोन बाजूंस उभे राहिले, तरी हिशोब एकाच कागदावर मांडता आला.

कायद्याचा इतिहासही आपल्या माळव्यास जवळचा आहे. पिथमपूरपासून जवळच असलेल्या महू गावी जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद असता, एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले गेले. स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली त्याचा कायदा झाला. अनुसूचीत घातलेल्या धंद्यांपुरते सरकारने किमान दर ठरवावेत व पाच वर्षांच्या आत ते पुन्हा तपासावेत, अशी त्यात तरतूद होती. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या जुन्या कायद्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली आहे. अनुसूचीची मर्यादा जाऊन किमान वेतनाचा हक्क सर्व धंद्यांतील कामगारांना लागू झाला आहे, आणि केंद्राने ठरवावयाच्या पायाभूत दराखाली कोणत्याही राज्यास जाता येणार नाही. दुकाने, वखारी व पेढ्या चालविणाऱ्या आपणा सर्वांस ही गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे.

३. किमान म्हणजे किती?

'किमान' हा शब्द मोघम वाटतो. परंतु १९५७ च्या जुलै महिन्यात भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने त्याचा हिशोब एखाद्या बाजारयादीसारखा मांडून दिला. सरकार, मालक व कामगार अशा तिन्ही पक्षांचे प्रतिनिधी तेथे होते. त्यांनी ठरविलेली रीत येणेप्रमाणे :

(अ) एका कमावत्या माणसामागे खाणारी तीन एकके धरावीत. पुरुष एक, स्त्री ०.८ आणि दोन मुले प्रत्येकी ०.६, बेरीज तीन.
(आ) प्रत्येक एककास रोज २,७०० उष्मांकांचा आहार.
(इ) चार माणसांच्या कुटुंबास वर्षाला ७२ वार कापड.
(ई) सरकारी औद्योगिक गृहयोजनेतील किमान भाड्याइतके घरभाडे.
(उ) सरपण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाचा २० टक्के भाग.

१९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रॅप्टाकोस ब्रेट खटल्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण व लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्क्यांचा भाग त्यात मिळविला.

आपण धान्याचे व्यापारी. पहिली कलमे आपल्याच दुकानातील आहेत. सुमारे ४०० ग्रॅम कणकेतून २,७०० पैकी जवळजवळ निम्मे उष्मांक मिळतात. तीन एककांस रोज १ किलो २०० ग्रॅम, म्हणजे महिन्यास ३६ किलो कणीक झाली. उरलेले निम्मे डाळ, तेल, गूळ, भाजी, दूध यांतून यावयाचे. प्रत्येक वाचकाने आपल्या दुकानाचा आजचा भाव घालून ही बेरीज एकदा स्वतः करावी. घरातील मुलाबाळांस कागद-पेन्सिल देऊन करावयास लावली तर अधिकच उत्तम. त्यांस अंकगणित येईल आणि जगही थोडे कळेल.

४. पिथमपूर व देवास

मध्यप्रदेशात किमान वेतनाचे मूळ दर २०१४ नंतर सुमारे दहा वर्षे सुधारलेच गेले नाहीत. एप्रिल व ऑक्टोबरात महागाई भत्त्याची भर पडत असे, परंतु पाया जुनाच राहिला. पाच वर्षांत एकदा व्हावयाची पडताळणी चुकली. आपल्या तराजूची पडताळणी इतकी वर्षे चुकती, तर निरीक्षकाने आपणास सोडले असते काय?

अखेर १ एप्रिल २०२४ पासून नवे दर लागू झाले. अकुशल कामगारास मासिक सुमारे ११,८०० रुपये असा दर झाला. मूळ वाढ २५ टक्क्यांच्या आसपास होती. त्याविरुद्ध काही उद्योग-संघटना न्यायालयात गेल्या व मे २०२४ मध्ये इंदूर खंडपीठाने अंमलबजावणीस स्थगिती दिली. कामगार संघटनांनी न्यायालयात आपली बाजू मांडली, निवेदने दिली, निदर्शने केली. डिसेंबर २०२४ मध्ये स्थगिती उठली. मधल्या सात महिन्यांत पिथमपूर व देवासच्या कामगारांपैकी कित्येकांनी वाढलेला पगार क्षणभर पाहिला आणि तो परत जातानाही पाहिला.

या आकड्याचा अर्थ आपण आपल्या रीतीने पाहू. ११,८०० रुपये चार माणसांत व तीस दिवसांत वाटले, तर माणशी दिवसाला अठ्ठ्याण्णव रुपये पडतात. खोलीचे भाडे, पीठ, तेल, शाळा, औषध, गावी जाण्याचे बसभाडे, सर्व काही त्यातच. देशातील मध्यवर्ती कामगार संघटना मासिक २६,००० रुपयांची मागणी करीत आल्या आहेत. तो आकडा कोणास मोठा वाटेल. त्यावर वाद अवश्य व्हावा, पण तो १९५७ च्या यादीवर बोट ठेवून व्हावा, म्हणजे कोणते कलम गाळावयाचे ते प्रत्येकास उघड सांगावे लागेल.

आणखी एक गोष्ट. देवासच्या औद्योगिक वसाहतीजवळ किराणा दुकान चालविणारे माझे एक आप्त आहेत. ते म्हणतात, कामगाराचा पगार सात तारखेस होतो आणि दहा तारखेच्या आत त्यातील मोठा भाग पीठ, डाळ व तेल होऊन जातो. पगार अपुरा पडला की उधारीची वही फुगते. कामगाराच्या हाती आलेला रुपया तिजोरीत बसून राहत नाही. फिरत-फिरत तो किराणा दुकानातून आपल्याच घाऊक पेढीवर येतो. आपला खरा गिऱ्हाईक कोण, हे आपण विसरतो.

५. हमालाचा मालक कोण?

कारखान्यातील कामगारास निदान मालक असतो. आपल्या बाजारातील हमाल सकाळी एका पेढीची गाडी उतरवितो व दुपारी दुसरीची थप्पी लावतो. तो सर्वांचा आहे आणि कोणाचाच नाही. किमान वेतन त्यास द्यावे कोणी?

या कोड्याचे उत्तर महाराष्ट्रात हमालांच्या चळवळीने शोधले. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी १९५० नंतरच्या दशकात हमाल पंचायत उभी केली. ते व्यवसायाने वैद्य होते. हमालांचे प्रश्न त्यांनी आपले मानले. त्याच पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' हे स्वस्त व पोटभर जेवण देणारे केंद्र काढले. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांची संघटना बांधली. या झगड्यांतून महाराष्ट्र शासनाने १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला.

त्याची रचना व्यापाऱ्याने अभ्यासण्यासारखी आहे. बाजारापुरते एक मंडळ असते. त्यात व्यापारी, कामगार व शासन अशा तिघांचे प्रतिनिधी असतात. हमाल व व्यापारी दोघांचीही तेथे नोंद होते. व्यापारी मजुरी व तिच्यावरील ठरावीक टक्क्यांची लेव्ही मंडळात भरतो. मंडळ हमालास मजुरी देते आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, रजा, बोनस व औषधोपचार यांची व्यवस्था होते. ज्यास एक मालक नाही, त्याचा मालक सारा बाजार मिळून होतो. त्या मंडळांच्या कारभाराविषयी महाराष्ट्रातील व्यापाऱ्यांच्या तक्रारीही आहेत. परंतु कल्पना भक्कम आहे.

६. माझ्या वहीतील एक खाते

येथवर मी जगाचे सांगितले. आता स्वतःचे सांगणे भाग आहे. न सांगितल्यास हा लेख अर्धा राहील.

१९८७ च्या सुमाराची गोष्ट. वडिलांनी पेढी नुकतीच माझ्या हाती सोपविली होती. आमच्याकडे एक वयस्क हमाल असे. सारे त्यास काका म्हणत. त्या काळी क्विंटलभराचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून चढावे लागे. पोत्यामागे ठरलेली हमाली कित्येक वर्षे तीच होती. दिवाळीपूर्वी काका गादीशी येऊन उभे राहिले व म्हणाले, "शेठजी, आपण साऱ्या बाजाराचा हिशोब लिहिता. एक दिवस माझ्या घराचाही लिहून पाहा."

मुनीमजी हसले. मीही गंमत म्हणून कागद घेतला. एका बाजूस महिन्याची मजुरी लिहिली आणि दुसऱ्या बाजूस ज्वारी, डाळ, तेल, रॉकेल, भाडे, धाकट्याची शाळा. काकांनी एकही कलम फुगवून सांगितले नाही; भाव तर मलाच ठाऊक होते. बेरीज केली तो दर महिन्यास तूट. मी विचारले, "काका, ही तूट भरता कशी?" त्यांनी माझ्यामागच्या लाल खातेवहीकडे बोट केले. "त्यातच पाहा, शेठजी."

मी त्यांचे खाते उघडले. उचल, उचल, पुन्हा उचल. आषाढात उचल, दिवाळीस उचल, आजारपणात उचल. थोडी वळती होई आणि पुन्हा नावे पडे. कित्येक वर्षांत ते खाते एकदाही निरंक झालेले नव्हते. हमालीत मी जे वाचवीत होतो, तेच माझ्या वहीत त्यांच्या नावे कर्ज म्हणून लिहिलेले होते. आणि अडीअडचणीस पैसे देणारा म्हणून मी स्वतःस उदार समजत होतो.

मला ते त्याच क्षणी कळले. तरीही मी म्हणालो, "दिवाळीनंतर पाहू." एकट्याने दर वाढविला तर बाजारातील लोक नावे ठेवतील, अशी भीती वाटली. दिवाळी गेली, हंगाम गेला. पुढील उन्हाळ्यात काकांचा खांदा निकामी झाला आणि आठवीतील त्यांचा मुलगा शाळा सोडून पोती वाहू लागला. मी खात्यावरील बाकी सोडून दिली. बाजाराने माझी वाहवा केली. त्या वाहवेची लाज मला आजही वाटते. तो मुलगा आता पन्नाशी ओलांडून गेला आहे आणि अद्याप याच मंडीत हमाली करतो. तूट कोठून भरली गेली, त्याचे खरे उत्तर वहीत नव्हते. ते त्या मुलाच्या शाळेत होते.

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण व अन्नपाननिरोध हे दोन येतात. पाठशाळेत आम्हांस ते बैल-घोड्यांच्या उदाहरणाने शिकविले गेले. माणसाच्या पाठीविषयीही तोच नियम आहे, हे मला कळावयास एक खाते उघडावे लागले.

७. काही आक्षेप

पहिला आक्षेप : 'धंद्यास परवडत नाही.' सर्वोच्च न्यायालयाने १९५० नंतरच्या दशकापासून वारंवार हेच सांगितले आहे की, वाजवी वेतन ठरविताना धंद्याची ऐपत पाहता येईल, पण किमान वेतनाच्या बाबतीत ती सबब चालणार नाही. १९८२ साली तर किमान वेतनाहून कमी देऊन घेतलेले काम म्हणजे घटनेने निषिद्ध केलेली वेठबिगार होय, असे त्या न्यायालयाने ठरविले.

दुसरा आक्षेप : 'मजुरी वाढली की यंत्रे येतील व माणसे बेकार होतील.' ही भीती निराधार नाही. बेसुमार वाढीने असे होऊ शकते. तथापि अमेरिकेत डेव्हिड कार्ड व ॲलन क्रूगर यांनी न्यू जर्सीतील १९९२ च्या वाढीनंतर खाद्यगृहांची पाहणी केली, तेव्हा शेजारच्या पेनसिल्व्हेनियाच्या तुलनेत तेथे नोकऱ्या घटल्याचे दिसले नाही. त्या निष्कर्षावर विद्वानांत वाद झाला. परंतु 'वाढ म्हणजे बेकारी' हे समीकरण सरळ नाही, एवढे त्यावरून कळते. कार्ड यांना पुढे २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो : 'एकदम मोठी वाढ आली की लहान दुकानदार कोलमडतो.' हे खरे आहे. पण याचा उपाय वाढ अडविणे हा नव्हे. दहा वर्षे काटा न तपासता एके दिवशी सारी चूक दुरुस्त करू गेले, तर धक्का बसणारच. दरवर्षी थोडी दुरुस्ती झाली, तर ती आपल्या भावात सहज सामावते. तेव्हा वेळेवर फेरतपासणीची मागणी कामगारांइकीच व्यापाऱ्यांनीही केली पाहिजे.

८. संघापुढे नम्र सूचना

एक : हमाली व तोलाईचे दर दरवर्षी एका ठरलेल्या दिवशी, हमाल व तुलावटी बंधूंना समोर बसवून तपासावेत. चोपडीपूजनानंतरचा पहिला सोमवार मला सोयीचा वाटतो.

दोन : तो दर ठरविताना आपापल्या दुकानाच्या भावाने १९५७ ची यादी मांडावी व बेरीज फलकावर लावावी.

तीन : प्रत्येक सभासदाने आपल्या नोकर-हमालांच्या उचलीची खाती काढून पाहावीत. जे खाते वर्षानुवर्षे निरंक होत नाही, तेथे कर्जदाराचा दोष शोधण्याआधी आपला दर तपासावा.

चार : हे सर्वांनी एकत्र करावे. एकट्यास भीती वाटते. मला वाटली होती. म्हणूनच तर संघ असतो.

काकांच्या घराचा हिशोब लिहिलेला तो कागद मी जपून ठेवला आहे. यंदाच्या वार्षिक सभेस तो घेऊन येईन. त्यावरील भाव जुने झाले आहेत, ते आपण मिळून नवे घालू. बेरीज मात्र सर्वांसमक्ष करावी, एवढीच विनंती.

चुकभूल क्षमस्व.

— एक ठोक धान्य-व्यापारी, धार